दिगू टिपणीसला आम्ही का सोडून दिले?

वर्गात 'सिंहासन' दाखवायचा आणि मग दिगू टिपणीसविषयी लिहायला सांगायचे, हा आमचा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ. उत्तरेही ठरलेली. दिगू हा संवेदनशील पत्रकार, भ्रष्ट व्यवस्थेचा मूक साक्षीदार. अखेरीस सत्ताधाऱ्यांचा समझोता पाहून त्याचा तोल जातो, तेव्हा समाजाच्या सदसद्विवेकाचाच तोल गेलेला असतो. असे लिहिणाऱ्यांना आम्ही सढळ हाताने गुण दिले. कारण उघड आहे. ही उत्तरे आम्हीच शिकवली होती. ती शिकवताना आमची चूक झाली, हे आता मान्य केले पाहिजे.

निमित्त एका इटालियन चित्रपटाचे आहे. मार्को बेलोक्कियो यांचा 'स्बात्ती इल मोस्त्रो इन प्रिमा पाजिना' हा 1972 सालचा चित्रपट. नावाचा अर्थ, राक्षस पहिल्या पानावर आदळा. बोलोन्याच्या चित्रपट-संग्रहालयाच्या पुढाकाराने त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि 2024च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या अभिजात विभागात तो दाखवला गेला. त्याच विभागात त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा, तेंडुलकरांची पटकथा असलेला 'मंथन'ही होता. 'मंथन'चे आपल्याकडे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. बेलोक्कियोंच्या चित्रपटाची दखल मात्र आम्ही वाचतो त्या मराठी पानांवर आम्हाला कोठे दिसली नाही. वृत्तपत्रांविषयीच्या चित्रपटाकडे वृत्तपत्रांचे लक्ष जाऊ नये, हा योगायोगही असेल. असो.

कथानक साधे आहे. मिलानमध्ये निवडणुका तोंडावर आल्या आहेत. एका सुखवस्तू घरातील तरुणीचा बलात्कार करून खून झाला आहे. बिझांती हा उजव्या विचारांच्या दैनिकाचा संपादक (जान मारिया वोलोन्ते यांनी तो थंडपणे उभा केला आहे) या खुनाचा संशय एका डाव्या कार्यकर्त्याकडे वळवतो. पुढे खरा गुन्हेगार कोण, हे त्याला कळते. ते तो मालकाच्या कानावर घालतो, आणि सत्य निवडणूक होईपर्यंत राखून ठेवायचे, पुढे सोयीप्रमाणे वापरायचे, असे ठरते. चित्रपटाच्या आरंभी मिलानमधील एका सभेची खरीखुरी दृश्ये आहेत. त्यांत भाषण करताना दिसणारा तरुण इन्यात्सियो ला रूसा 2022 साली इटलीच्या सिनेटचा अध्यक्ष झाला. जुन्या चित्रपटाला 'आजही प्रस्तुत' म्हणण्याची आपल्याला खोड आहे. येथे ते म्हणण्याचीही गरज उरत नाही.

परंतु मराठीच्या अध्यापकाने थांबून पाहावे असे दृश्य वेगळेच आहे. एका बेकार माणसाने, पाच मुलांच्या बापाने, स्वतःला जाळून घेतले आहे. तरुण बातमीदार रोवेदाने तसा मथळा दिला आहे. बिझांती त्याला समोर बसवून मथळा कसा लिहावा हे शिकवतो. 'बेकार' जातो. हताशपणा जातो. पाच मुले जातात. अखेरीस उरते ती दक्षिणेकडून आलेल्या एका स्थलांतरिताची नाट्यमय आत्महत्या. एकही शब्द खोटा नाही. केवळ कारण नाहीसे झाले आहे, आणि कारण गेले की जबाबदारीही जाते. आम्ही वर्षानुवर्षे शैलीविज्ञान शिकवतो. शब्दनिवडीचा इतका नेमका पाठ आमच्या टिपणांत नाही.

या चित्रपटाचे प्रतिपादन असे की, वृत्तपत्राची लबाडी खोटे छापण्यात क्वचितच असते. कशाला काय म्हणायचे आणि ठाऊक असलेले केव्हा दडवायचे, या दोन निर्णयांत ती असते. ही कसोटी दिगूला लावून पाहा.

मंत्र्यांपासून कामगार पुढाऱ्यांपर्यंत दिगूची सर्वत्र ऊठबस आहे. लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात, म्हणजेच त्याच्यापासून कोणालाही धोका वाटत नाही. त्याला सारे ठाऊक असते. त्यातले त्याने छापले काय? सत्तेच्या खेळाला अडथळा होईल अशी त्याची एकही बातमी आम्हाला आठवत नाही. वाचकांना आठवल्यास अवश्य सांगावे. निळू फुल्यांचा तो थकलेला, समंजस चेहरा आपल्याला इतका भुलवतो की हा प्रश्न आपण विचारतच नाही. बिझांती सत्य राखून ठेवतो ते मालकाच्या हितासाठी आणि दिगू ठेवतो ते थकव्यापोटी, हा फरक नैतिकदृष्ट्या मोठा आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण सकाळी अंक उघडणाऱ्या वाचकाच्या पदरी दोन्हीकडे सारखीच रिकामी जागा पडते. मूळ कादंबऱ्या लिहिणारे अरुण साधू पत्रकार होते आणि पटकथाकार विजय तेंडुलकरांनीही वृत्तपत्रांत नोकरी केली होती. दिगूच्या हसण्यात या दोघांनी आत्मटीका ठेवली असावी, असे आम्हाला आता वाटते. समीक्षेने मात्र तिचे करुणरसात रूपांतर केले.

तेंडुलकरांच्या 'कमला'च्या वाट्यालाही हेच आले. अश्विनी सरीन या पत्रकाराने 1981 साली एक स्त्री विकत घेऊन 'इंडियन एक्स्प्रेस'मधून स्त्रियांच्या बाजाराला वाचा फोडली, त्या घटनेचा या नाटकाला आधार आहे. नाटकातला जयसिंग जाधव कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो. तिला विचारल्या गेलेल्या हिणकस प्रश्नांची हकिगत घरी येऊन हसत सांगतो. तिचे पुढे काय, हा प्रश्न त्याच्या लेखी बातमीबाहेरचा. आम्ही हे नाटक स्त्रीवादी वाचनासाठी राखून ठेवले आहे. 'तुम्हाला केवढ्याला घेतलं?' या अर्थाचा कमलाचा सरिताला प्रश्न एवढीच आमच्या व्याख्यानांची धाव. ते वाचन खोटे नाही, अपुरे आहे. सरिता गुलाम आहे हे उघड करणारा घरमालक हाच सत्यशोधक म्हणून मिरवणारा बातमीदारही आहे, हे दोन्ही एकत्र वाचायला हवे. बेलोक्कियोंचा बिझांतीही स्वतःच्या बायकोला मूर्ख ठरवून आपल्या पत्राची आदर्श वाचक म्हणून तिची संभावना करतो. ज्याला घरातल्या माणसाविषयी आदर नाही त्याला वाचकाविषयी तो असणार नाही, हे दोन्ही लेखकांनी ओळखले होते.

मग आमच्या समीक्षेला हे का दिसले नाही? आमचे उत्तर अप्रिय आहे. मराठी साहित्यव्यवहार वृत्तपत्रांच्या ओसरीवर वाढला. परीक्षणे, सदरे, दिवाळी अंक, सत्कारांच्या बातम्या सारे तेथलेच. रविवारच्या पुरवणीत नाव छापून यावे म्हणून आम्हीही हेलपाटे घातले आहेत. 2009च्या विधानसभा निवडणुकीत एकच स्तुतिपर मजकूर प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत निरनिराळ्या नावांखाली कसा छापला गेला, हे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा 'पेड न्यूज'वरील 71 पानी अहवाल 2010 साली तयार झाला; तो पूर्ण स्वरूपात उघड व्हायला माहिती आयोगाचा आदेश लागला. एकच मजकूर, अनेक लेखक! वाङ्मयचौर्याच्या चर्चेला याहून मोठा विषय कोणता? त्या काळात मराठी विभागांतून यावर किती चर्चासत्रे झाली? आम्ही एकही घेतले नाही. आम्हीही दिगूच होतो. म्हणूनच दिगू आम्हाला निर्दोष वाटत राहिला.

काही मित्र म्हणतील, साहित्याच्या वर्गात वृत्तपत्रविद्या कशाला? गगनबावड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न फार काळ टिकत नाही. येथे पाऊस चार महिने ठाण मांडतो. रस्ता नसलेल्या धनगरवाड्यावरून आजाऱ्याला झोळीतून खाली आणणे म्हणजे काय, हे सांगायला मुलांना पुस्तक लागत नाही. आम्ही वर्गाला एक काल्पनिक घटना दिली : असा एक आजारी माणूस वाटेतच दगावला, मथळा द्या. बहुतेकांनी लिहिले, 'अतिवृष्टीचा बळी'. एका मुलीने लिहिले, 'रस्ता न केल्याने मृत्यू'. पहिल्या मथळ्यात मारणारा पाऊस आहे. दुसऱ्यात कोणीतरी न केलेले काम आहे. त्या दिवशी कर्ता आणि क्रियापद यांवर तासभर जी चर्चा झाली, ती आम्ही व्याकरणाच्या तासाला कधी घडवू शकलो नव्हतो.

म्हणून चित्रपटांचे पुनरुज्जीवन जरूर व्हावे, फिती स्वच्छ व्हाव्यात, ध्वनी सुधारावा. पण डोळे तेच जुने राहणार असतील तर चकचकीत प्रतीतही आपल्याला तोच भोळा दिगू दिसेल. यंदा आम्ही प्रश्न बदलला आहे. 'दिगू टिपणीसची शोकांतिका स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही रद्द केला. नवा प्रश्न असा : 'दिगूला जे ठाऊक होते, त्याची बातमी लिहा. मथळा द्या. खाली स्वतःचे नाव घाला.'

उत्तरपत्रिका तपासायला बसण्यापूर्वी तो आम्हालाही सोडवावा लागणार आहे.