खडकवासल्याचे ऋण

वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर महिन्यांच्या अखेरीस, पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दीक्षान्त संचलन होते. तीन वर्षांचे शिक्षण पुरे केलेले छात्र खेत्रपाल मैदानावर वाद्यवृंदाच्या तालावर पावले टाकतात, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माता-पित्यांच्या डोळ्यांत पाणी तरळते. हे दृश्य पाहून ज्याचा ऊर भरून येणार नाही असा भारतीय विरळाच. परंतु त्या देखण्या रांगांत जे उभे नसतात, त्यांची आठवण अशा प्रसंगी क्वचितच कोणाला होते. याच छात्रांबरोबर, याच उमेदीने प्रबोधिनीत पाऊल टाकलेला एखादा तरुण सरावात जायबंदी होऊन केव्हाच घरी परतलेला असतो. त्याच्या नावाची हाक मैदानावर होत नाही आणि कोणत्याही पलटणीच्या यादीत त्याचे नाव चढत नाही. या अनुपस्थितांशी देशाचे नाते काय, हा प्रश्न वरवर पाहता निवृत्तिवेतनाच्या नियमांतील एका पोटकलमाचा वाटतो. वस्तुतः तो प्रबोधिनीच्या जन्मकथेशीच निगडित आहे.

स्मारकाच्या जागी विद्यालय

प्रबोधिनीच्या मुख्य वास्तूला ‘सुदान ब्लॉक’ म्हणतात. आफ्रिकेतील एका देशाचे नाव सिंहगडाच्या परिसरातील या घुमटाकार इमारतीला का लाभावे, असा प्रश्न नवख्या पाहुण्यास पडतो. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४१ च्या आरंभी हिंदी सैन्याच्या चौथ्या व पाचव्या डिव्हिजन सुदानच्या सरहद्दीवरून इटलीच्या फौजांवर चालून गेल्या. एरिट्रियातील केरेनच्या दुर्गम डोंगरमाथ्यांवर कित्येक आठवडे घनघोर संग्राम झाला. त्यात इतर पलटणींच्या खांद्याला खांदा लावून मराठा पलटणीचे जवानही लढले. याच मोहिमेत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी लागोपाठ चार दिवस शत्रूने पेरलेले सुरुंग काढून सैन्याची वाट मोकळी केली आणि त्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे पहिले हिंदी अधिकारी होण्याचा मान मिळविला. सुदानच्या रक्षणार्थ हिंदी जवानांनी जे रक्त सांडले त्याचे स्मरण म्हणून तेथील तत्कालीन सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीच्या वेळी तिचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्यास ७० हजार पौंड आले व उरलेले ३० हजार पाकिस्तानकडे गेले.

या रकमेतून एखादा स्तंभ अथवा कमान उभी करता आली असती. तसे झाले नाही, ही इतिहासातील भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. १९४५ मध्ये फील्ड मार्शल क्लॉड ऑकिनलेक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या धर्तीवर एक लष्करी प्रबोधिनी उभारावी आणि तेच हिंदी सैनिकांचे युद्धस्मारक मानावे, ही कल्पना तिच्यापुढे होती. समितीने १९४६ च्या अखेरीस आपला अहवाल दिला आणि सुदानची देणगी या कार्यास लागली. जे मेले त्यांची स्मृती जे पुढे लढणार आहेत त्यांच्या शिक्षणातून जपावयाची, असा त्यामागील आशय होता. प्रबोधिनीचा पाया अशा रीतीने सैनिकाच्या ऋणाच्या जाणिवेवर घातला गेला. हे ऋण फेडण्याचा प्रश्न आला की त्या पायाकडे पाहावे लागते.

हक्कासाठी झगडा

हिंदी तरुणास सैन्यात अधिकारी होण्याचा हक्क सुखासुखी मिळालेला नाही. पहिल्या महायुद्धात हिंदी जवान युरोपच्या खंदकांतून मरत होते. तथापि इंग्लंडमधील सँडहर्स्टचे दार हिंदी तरुणांसाठी १९१८ मध्ये उघडले, तेही वर्षाला अवघ्या दहा जागांपुरते. १९२५ मध्ये स्कीन समिती नेमली गेली. मोतीलाल नेहरू आणि बॅरिस्टर जीना यांच्यासारख्यांची तिच्यावरील नेमणूक पाहता, हा प्रश्न तेव्हाच्या राजकारणात किती जिव्हाळ्याचा झाला होता याची कल्पना येते. अखेर १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. तिच्या पहिल्या तुकडीत अवघे ४० छात्र होते. त्यांपैकी सॅम माणेकशा भारताचे, महंमद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे सेनापती झाले. या एकाच गोष्टीवरून अशा संस्थांचे मोल ध्यानात यावे.

खडकवासल्याची कल्पना त्याही पुढची होती. भूदल, नौदल आणि वायुदल यांनी वेगवेगळे लढून चालत नाही, हा महायुद्धाचा धडा होता. म्हणून तिन्ही दलांचे भावी अधिकारी कोवळ्या वयातच एका छताखाली आणावेत, एका पंक्तीस बसवावेत, असे ठरले. इतक्या प्रारंभापासून तिन्ही दलांना एकत्र शिकविणारी ही जगातील पहिली संस्था मानली जाते. जागेच्या निवडीतही तोच विचार दिसतो. खडकवासल्यास विस्तीर्ण जलाशय होता, सभोवती सह्याद्रीचे डोंगर होते, लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आणि अरबी समुद्र फारसा दूर नव्हता. शिवाय युद्धकाळात समुद्रकिनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा सराव याच जलाशयाच्या काठी चाले. तत्कालीन मुंबई सरकारने हजारो एकर जमीन दिली. १ जानेवारी १९४९ रोजी डेहराडून येथे तात्पुरत्या स्वरूपात तिन्ही दलांचे एकत्र शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी खडकवासल्यास कोनशिला बसविली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी प्रबोधिनीचे रीतसर उद्‌घाटन झाले.

हा प्रयोग फळास आला, याबद्दल दुमत नाही. १९९१ मध्ये जनरल रॉड्रिग्ज, ॲडमिरल रामदास आणि एअर चीफ मार्शल सुरी हे तिन्ही दलांचे प्रमुख डेहराडूनच्या त्या पहिल्याच तुकडीतील सहाध्यायी होते. २०१९ च्या अखेरीस तोच योग पुन्हा आला. पुण्याचे जनरल मनोज नरवणे, ॲडमिरल करमबीर सिंग आणि एअर चीफ मार्शल भदौरिया हे तिघेही प्रबोधिनीच्या ५६ व्या तुकडीचे. संरक्षण दलांच्या एकत्रित कमानींची चर्चा होते, तिचे बीज या सहवासात आहे.

आणि या संस्थेने रक्ताची किंमतही मोजली आहे. प्रबोधिनीचे पहिले परमवीरचक्र मिळविणारे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया १९६१ मध्ये काँगोत, संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत लढताना धारातीर्थी पडले. आफ्रिकेच्या भूमीवरील हौतात्म्यातून जिचा जन्म झाला, त्या संस्थेच्या पहिल्या परमवीरानेही आफ्रिकेच्याच भूमीवर देह ठेवावा, हा योगायोग विलक्षण होय. १९७१ मध्ये बसंतरच्या रणात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर कॅप्टन मनोजकुमार पांडे यांनी तीच परंपरा चालविली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रवेशपरीक्षेचे दार खुले केले. २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुलींनी दीक्षान्त संचलनात पाऊल टाकले. परंपरा जपूनही संस्था काळाबरोबर चालू शकते, याचे हे प्रत्यंतर होय.

उंबरठ्यावर पडलेले

इतक्या उज्ज्वल चित्रात एक काळा डाग मात्र राहून गेला. प्रबोधिनीत दाखल होणारा मुलगा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांचा असतो. कित्येकांना तर मताधिकारही नसतो. दौडी, अडथळ्यांच्या शर्यती, मुष्टियुद्ध, घोडदौड आणि ज्याला तोरण्याचे नाव दिले आहे त्या शिबिरासारखी खडतर शिबिरे यांतून त्याचे शरीर घडविले जाते. असे शरीर घडविताना क्वचित ते मोडतेही. कोणी पोहण्याच्या तलावात उडी घेताना, कोणी अडथळा ओलांडताना कायमचा अपंग होऊ शकतो. अशा छात्रास वैद्यकीय कारणास्तव प्रशिक्षणातून मुक्त केले जाते.

येथे कायद्याची एक चमत्कारिक पोकळी पुढे येते. छात्र हा अद्याप अधिकारी झालेला नसतो. खडकवासल्याची तीन वर्षे आणि त्यानंतर आपापल्या दलाच्या प्रबोधिनीतील शिक्षण पुरे झाल्यावरच त्याला अधिकारपद मिळते. तोवर जखमी झालेल्यास माजी सैनिक मानले गेले नाही. सबब अपंगत्वाचे निवृत्तिवेतन नाही, केवळ सानुग्रह अनुदान. साधा जवान भरती होऊन शिकत असताना जायबंदी झाला तर त्याला हा दर्जा मिळतो. अधिकारी होण्यासाठी निवडलेल्या छात्रास मात्र नाही. ही तफावत कोणत्या तर्काने समर्थनीय ठरते?

प्रवेशसमयी पालकांकडून जी कागदपत्रे लिहून घेतली जातात, त्यांत तर हा अन्याय अधिकच उघडा पडतो. प्रशिक्षणात मुलास इजा झाल्यास सरकारकडून भरपाई मागण्याचा हक्क आपणास नाही, हे समजल्याचे प्रमाणपत्र पालकास द्यावे लागते. उलटपक्षी, मुलाने स्वतःच्या मर्जीने प्रशिक्षण सोडले तर शासनाने केलेला खर्च परत करण्याची हमीही त्यालाच द्यावी लागते. म्हणजे मुलगा सोडून गेला तर तो शासनाचा ऋणको, आणि शासनाच्या सेवेत मोडला तर शासन त्याचे काहीच लागत नाही! अशी एकतर्फी वही कोणताही सावकारसुद्धा उघडपणे मिरविणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये या प्रश्नास वाचा फुटली. १९८५ पासून अशा रीतीने बाहेर पडावे लागलेल्या छात्रांची संख्या सुमारे ५०० असल्याचे, आणि अनुदानाची रक्कम अपंगत्वाच्या प्रमाणानुसार दरमहा फार तर ४० हजार रुपयांच्या आसपास असल्याचे प्रसिद्ध झाले. जो मुलगा आयुष्यभर अंथरुणास खिळला आहे, त्याच्या औषधपाण्यास आणि शुश्रूषेस ही रक्कम कशी पुरावी? सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. विमा, पुनर्वसन आणि झेपेल असे काम देण्याविषयी सरकारकडे विचारणा केली. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने या छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचा लाभ देण्याचे ठरविले. हे पाऊल स्वागतार्ह खरेच; परंतु चार दशके जे सुचले नाही ते न्यायासनाने विचारताच दोन-तीन आठवड्यांत सुचावे, यात भूषण मानण्याजोगे काही नाही.

अनुग्रह की हक्क?

यावर आक्षेप घेतले जातात. छात्राला सैनिकाचा दर्जा दिला तर प्रवेशापूर्वीची व्याधी लपवून लाभ उकळणारे निपजतील, असे एक मत आहे. परंतु लष्करी वैद्यकीय मंडळाची कठोर तपासणी झाल्यावाचून कोणासही प्रवेश मिळत नाही. ज्याला शासनाच्या वैद्यांनीच निरोगी ठरविले, त्याच्या आजारपणाचा संशय त्याच्यावरच घेणे शोभत नाही. तिजोरीवर भार पडेल, हा दुसरा आक्षेप. चाळीस वर्षांत ५०० म्हणजे वर्षाला सरासरी बारा-तेरा. एवढ्या मुलांचा भार या देशाच्या संरक्षण खर्चास पेलवत नाही, असे कोणी गंभीरपणे म्हणू शकेल काय? हळवेपणाने शिस्त सैल होईल, हा तिसरा आणि सर्वांत जुना आक्षेप. अनुभव याच्या नेमका उलट आहे. आपण पडलो तर मागे कोणी उभे आहे, हा विश्वास असलेला माणूसच निःशंकपणे उडी घेतो. सैन्यातील आज्ञापालन ज्या परस्परनिष्ठेवर उभे असते, तिचा हा पहिला पाठ आहे.

तेव्हा कर्तव्य स्पष्ट आहे. छात्राने प्रबोधिनीत पाऊल ठेवले त्या दिवसापासून, प्रशिक्षणात आलेल्या अपंगत्वापुरते तरी, त्याला सैनिक मानावे. त्याला मिळणाऱ्या पैशाचे नाव सानुग्रह अनुदान न राहता निवृत्तिवेतन व्हावे, कारण अनुग्रह हा देणाऱ्याच्या मर्जीवर असतो, ऋण फेडणे मर्जीवर नसते. ज्याच्यात बुद्धी आणि उमेद शाबूत आहे, त्याला संरक्षण खात्याच्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, संशोधनसंस्थांत झेपेल ते काम द्यावे. आणि भरपाईचा हक्क सोडल्याचे ते प्रमाणपत्र प्रवेशपत्रांच्या गठ्ठ्यातून कायमचे काढून टाकावे.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे विशेष आस्थेने पाहणे युक्त ठरेल. प्रबोधिनी याच भूमीवर आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यास निघाली. मराठी मुले अधिकारीपदापर्यंत अधिक संख्येने पोहोचावीत म्हणून राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वतयारीची खास संस्था काढली. ‘सैन्यात अधिकारी व्हा’ असे जे राज्य आपल्या मुलांना आवर्जून सांगते, त्याने त्यांतील जायबंदी होऊन परतलेल्यांसाठीही दिल्लीत आवाज उठविला पाहिजे.

‘सेवा परमो धर्मः’ हे प्रबोधिनीचे बोधवाक्य आहे. छात्राने देशाची सेवा करावी, एवढाच त्याचा अर्थ आजवर लावला गेला. सेवेचा धर्म दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो. परक्या मुलखात मेलेल्या हिंदी जवानांचे ऋण सुदानच्या सरकारने मानले आणि त्या ऋणाच्या पैशावर खडकवासल्याची ही वास्तू उभी राहिली. तिच्याच अंगणात पडलेल्या आपल्या मुलाचे ऋण भारताच्या सरकारने मानू नये, हे त्या वास्तूच्या एकाही दगडास शोभणारे नाही.