वांगं उलटून पाहा!

बालमित्रांनो,

हिवाळ्यातल्या आठवडे बाजारात तुम्ही कधी आईबरोबर भरताची वांगी घ्यायला गेला आहात का? आपल्या जळगावची ती मोठाली, हिरवी, पांढऱ्या रेषांची वांगी! २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे 'ही वांगी जळगावचीच' असा सरकारी शिक्काच बसला म्हणा ना. पण शिक्का असो की नसो, आई काय करते? वांगं उचलते. हातात तोलून बघते. मग उलटं करते, देठाजवळ कीड लागल्याचं भोक तर नाही ना, ते पाहते. भाजीवाली कितीही ओरडू दे, "संपली, संपली, शेवटची राहिली!" आई आपली शांत. शेजारच्या दुकानात भाव विचारून येते आणि मगच पिशवी उघडते.

आता याच आईचा मोबाइल तुमच्या हातात येतो तेव्हा काय होतं? पडद्यावर एक घड्याळ दिसतं. ४९९९ रुपयांवर रेघ मारलेली आणि खाली लाल अक्षरांत ४९९! बाजूला सेकंद पळत असतात. 'फक्त २ शिल्लक.' झालं! वांगं उलटून पाहणारं आपलं घर इथे मात्र डोळे मिटून बोट दाबतं. खरं ना?

हसू नका, मीसुद्धा बोट दाबलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक पॉवर बँक मागवला. अंगावर मोठ्या अक्षरांत २०,००० एमएएच छापलेलं. किंमत इतकी कमी की मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आज तू जगाला फसवलंस! पुढच्या रविवारी जळगावहून धुळ्याला मावशीकडे निघालो. एरंडोल येईपर्यंत मोबाइल पॉवर बँकला जोडलेला होता, पारोळ्याला दोन्ही थंड. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर मावशीचा नंबर पाठ नाही, पैसे सगळे मोबाइलमध्ये आणि मोबाइल बंद! पाच कंदीलापर्यंत पायपीट केली आणि घामाघूम होऊन मावशीच्या दारात उभा राहिलो. मावशी अहिराणीत एवढंच म्हणाली, "घाई कसाले करस रे भाऊ?"

घरी आल्यावर मी तो पॉवर बँक किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. भरला १२० ग्रॅम! खऱ्या २०,००० च्या पॉवर बँकचं वजन तीनशे ग्रॅमच्या वरच असतं. बॅटरीत वीज साठवायला आत माल लागतोच, हवा भरून वीज साठत नाही.

थोडं गणित करू या. वही घ्या. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास. आतली बॅटरी ३.७ व्होल्टची. २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-तास. तुमच्या मोबाइलची बॅटरी ५,००० एमएएचची असेल तर ती साधारण १९ वॉट-तासांची. आता तुम्ही म्हणाल, ७४ भागिले १९, म्हणजे जवळजवळ चार वेळा चार्ज! पण थांबा. व्होल्ट बदलताना आणि वायर गरम होताना पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज वाया जाते. म्हणून चांगला, खरा पॉवर बँकसुद्धा मोबाइल तीनच वेळा भरतो. माझा एकदाही भरेना! आणखी एक गोष्ट. पॉवर बँकवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या ॲपवर घालून तपासता येतो. हेच झालं वांगं उलटून पाहणं.

मग मी त्या 'फक्त २ शिल्लक'च्या मागे लागलो. तेव्हा कळलं की या युक्त्यांवर सरकारने चक्क नियम केले आहेत! ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांना भुलवणाऱ्या अशा १३ युक्त्यांची यादीच काढली गेली आणि त्या वापरायला मनाई झाली. पण मनाई झाली म्हणून युक्त्या लगेच संपतात थोड्याच? वर्गात 'बोलू नका' लिहिलेलं असतं, म्हणून तुम्ही गप्प बसता का? तेव्हा ओळखायला आपणच शिकायचं. माझ्या वर्गातल्या मुलांनी त्यांतल्या काहींना मराठी नावं दिली. बघा आवडतात का.

पहिली, 'खोटी घाई'. उलटं पळणारं घड्याळ पान पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होतं. म्हणजे घाई त्यांना आहे, आपल्याला नाही! दुसरी, 'टोपलीत गुपचूप'. तुम्ही घेतलं दप्तर, पण बिलात न मागितलेला विमाही शिरलेला. तिसरी, 'लाजवणी'. नको म्हणायचं बटण असं लिहितात, की 'नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत'. आणि चौथी, मुलांची सर्वांत लाडकी, 'ठिबक किंमत'! ठिबक सिंचन आपल्याला नवं नाही. केळीच्या बागेत थेंब थेंब पाणी पडतं, तसे इथे थेंब थेंब पैसे वाढतात. दप्तर २९९, पोहोच ४९, हाताळणी १५, घरी रोख दिले तर आणखी २०. बेरीज करा. ३८३! केळीला ठिबक चांगलं, खिशाला नाही.

आणि कॉमिक्सचं काय? आमच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलला टेकून आम्ही चांदोबा चाळायचो. स्टॉलवाले काका डोळे वटारेपर्यंत अर्धी गोष्ट वाचून व्हायची! आवडला तर घ्यायचा आणि मग तो एक अंक सगळ्या गल्लीत फिरायचा. मोबाइलवरची कॉमिक्स रंगीत असतात, चित्रं हलतात, मलाही आवडतात. पण '७ दिवस मोफत' अशी पाटी असली आणि त्यासाठी आधीच बाबांच्या बँकेची माहिती मागितली, तर समजा की आठव्या दिवशी पैसे कापायची तयारी झाली आहे. त्या १३ युक्त्यांमध्ये याचंही नाव आहे, 'वर्गणीचा सापळा'. आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला भूलभुलैया! खरोखर मोफत वाचायचं आहे? बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ साली सुरू झालं. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. तिथे ना सेकंद पळतात, ना बँकेचा नंबर लागतो.

मी मोबाइलचा शत्रू नाही हं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ठाऊक आहेत ना? पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामामुळे जगभर नाव झालं आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो काळा-पांढरा चौकोन पुस्तकात असला की कविता ऐकवतो. पण तोच चौकोन एखाद्या अनोळखी माणसाने पाठवला की खिसा रिकामा करतो. चौकोन तोच, माणूस वेगळा!

आता जी गोष्ट सांगणार आहे ती हसायची नाही. ज्याची आहे त्याला विचारूनच सांगतो आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांच्या मोबाइलवरून १९९ रुपयांचं स्मार्ट घड्याळ मागवलं. वडील केळी कापणीच्या कामाला जातात. घड्याळ काही आलं नाही. आठवड्याने एक फोन आला, "बेटा, तुझे पैसे परत करायचे आहेत. चौकोन पाठवतो, तो स्कॅन कर आणि पिन टाक." त्याला वडिलांचा पिन माहीत होता. त्याने टाकला. १९९ रुपये परत आले नाहीत, उलट ६,४०० रुपये गेले. मोठ्या बहिणीच्या कॉलेजच्या फीसाठी साठवलेले पैसे होते ते.

तो पोरगा घाबरला. मोबाइलवरचा बँकेचा मेसेज त्याने पुसून टाकला. चार दिवस जेवला नाही धड, शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेलो तर गोठ्यामागे बसला होता. बराच वेळ गप्प. मग हुंदके देत सगळं बोलला. आम्ही तिथूनच १९३० या क्रमांकावर फोन लावला. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार या नंबरवर नोंदवतात. तक्रार लगेच झाली तर चोराने पैसे पुढे पाठवायच्या आत बँक ते अडवू शकते. पण चार दिवस उलटले होते. ते पैसे आजवर मिळालेले नाहीत.

वडील संध्याकाळी शेतातून आले. मला वाटलं, आता पोराला मार बसणार. ते नुसते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "त्याच दिवशी सांगायचं ना रे, भाऊ." ताईची फी त्यांनी उसनवारी करून भरली. ती उसनवारी अजून फिटते आहे.

मुलांनो, चूक त्या घड्याळाची नव्हती, हौसेचीही नव्हती. बाराव्या-तेराव्या वर्षी मनगटावर घड्याळ हवंसं वाटणारच. पैसे गेले ते घाईत, आणि परत यायची जी काही आशा होती, ती गेली भीतीत. म्हणून दोनच गोष्टी गाठीला बांधा. एक, पैसे *मिळवायला* पिन कधीच लागत नाही, पिन फक्त *द्यायला* लागतो. दुसरी, फसलात तर त्याच मिनिटाला घरच्यांना सांगा. रागावतील, एखादा धपाटाही बसेल. पण सहा हजारांपेक्षा धपाटा स्वस्त! घरी सांगायची हिंमत होत नसेल तर बाईंना सांगा, सरांना सांगा. आम्ही कशाला आहोत मग? आणि वस्तू खराब निघाली, दुकान दाद देत नसेल, तर मोठ्यांना १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावायला सांगा.

आता या आठवड्याचा उद्योग. मोबाइलवर आवडलेली एक वस्तू निवडा, मागवू मात्र नका. वहीत लिहा: विकणारा कोण, छापील किंमत किती, परत घेतात का आणि सगळं धरून शेवटची रक्कम किती. मग तीच वस्तू जवळच्या दुकानात जाऊन हातात घ्या आणि भाव विचारा. एक रात्र जाऊ द्या. सकाळी उठल्यावरही ती हवीशी वाटली, तर आई-बाबांशी बोला. आमच्या वर्गात बावीस मुलांनी हा उद्योग केला. सकाळी किती जणांना वस्तू हवीच होती? फक्त पाच जणांना!

तुमच्या वर्गात किती निघाले ते मला पत्राने कळवा. आणि हो, घरातल्या दोन माणसांचे नंबर आजच पाठ करून टाका. नाहीतर पाच कंदीलापर्यंत पायी जावं लागेल, माझ्यासारखं!

भेटू पुढच्या अंकात.

तुमचा,
सर