दिनविशेष, ९ एप्रिल १८६५ : ही तारीख वऱ्हाडचीही आहे

१/ व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली या दिवशी ग्रँटला शरण गेला. दिनविशेषांत ही नोंद केवळ अमेरिकेची म्हणून येते. ते अपुरे आहे.

२/ १८६१ पासून दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले.

३/ त्याच वर्षी मुंबईचे सट्टेवाले बुडाले. त्यांतील प्रेमचंद रायचंदांचे नाव इतिहासात राहिले. चढ्या भावाच्या भरवशावर पेरणाऱ्या कुणब्याचे नाव कुणी टिपले नाही.

४/ बडनेऱ्यावरून जाणारा मुंबई-नागपूर लोहमार्ग पुरा झाला तो १८६७ साली, तेजी ओसरल्यावर. रुळांनी गेलेला भाव परत आणला नाही. गावे मात्र परदेशी बाजाराला कायमची बांधली गेली.

५/ दक्षिणेच्या पराभवाने गुलामगिरीचा अंत निश्चित केला, म्हणून त्याचे स्वागतच व्हावे. गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ही त्यांनीच लिहिला. मुक्तीचा आनंद आणि शेतकऱ्याची नागवणूक, दोन्ही एकाच दृष्टीत सामावणे हाच या तारखेचा न्याय्य अर्थ होय.