फ्रँक रॉबिन्सनचा सौदा : गरज खरी, हिशेब चुकीचा

१/१२
९ डिसेंबर १९६५. सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल संघाने आपला सर्वोत्तम फलंदाज फ्रँक रॉबिन्सन हा बाल्टिमोर ओरिओल्सला दिला आणि बदल्यात तीन खेळाडू घेतले. अमेरिकेत फसलेल्या सौद्यांची चर्चा निघाली की हे नाव आजही हमखास निघते. १९८८ च्या ‘बुल डरहॅम’ या चित्रपटाच्या प्रारंभीच्या निवेदनातही त्याचा उल्लेख आहे. पण हा सौदा खरोखरच मूर्खपणाचा होता का? माझे मत असे : तो मूर्खपणाचा नव्हता, मात्र चुकीचा होता. आणि ती चूक निकाल लागण्यापूर्वीही दिसू शकत होती.

२/१२
प्रथम रॉबिन्सनची ओळख. १९५६ साली पहिल्याच हंगामात त्याने ३८ होमरन मारले आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. १९६१ मध्ये रेड्सने लीग जिंकली, तेव्हा सर्वाधिक मौल्यवान खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. रेड्सकडून दहा हंगामांत त्याने ३२४ होमरन मारले. होमरन म्हणजे बहुधा चेंडू कुंपणापार धाडणारा फटका. तळांवर जितके सहकारी उभे असतील ते सारे आणि स्वतः फलंदाज अशा धावा एकाच फटक्यात मिळतात. असा फलंदाज कोणताही संघ सहजासहजी सोडत नाही.

३/१२
मग रेड्सने त्याला का सोडले? संघाचा मालक आणि महाव्यवस्थापक बिल डिविट याची बाजू आधी नीट मांडू. १९६५ मध्ये रेड्सने ८२५ धावा काढल्या. नॅशनल लीगमध्ये इतक्या धावा कोणीच काढल्या नव्हत्या. तरीही संघ चौथा आला. जिम मलोनी आणि सॅमी एलिस या दोन पिचरांनी प्रत्येकी वीस किंवा अधिक सामने जिंकले होते, पण त्यांच्यामागे भक्कम फळी नव्हती. घरात धान्य उदंड आणि छप्पर गळके, अशी ही अवस्था. थोडे धान्य विकून छप्पर शाकारावे, हा विचार वेडेपणाचा म्हणता येणार नाही.

४/१२
बदल्यात मिळालेला मिल्ट पापास हाही ऐरागैरा नव्हता. वय २६, बाल्टिमोरकडून ११० विजय, आणि १९६५ मध्ये दर नऊ डावांमागे त्याच्यावर पडलेल्या धावा सरासरी अवघ्या २.६०. सोबत राखीव पिचर जॅक बाल्डशुन आणि तरुण क्षेत्ररक्षक डिक सिम्पसन. शिवाय डिविट हा ब्रँच रिकी या नामांकित व्यवस्थापकाच्या हाताखाली घडलेला. खेळाडूला एक वर्ष उशिरा विकण्यापेक्षा एक वर्ष आधी विकलेले बरे, हे तत्त्व रिकीच्या नावावर सांगितले जाते. रॉबिन्सनने नुकतीच तिशी गाठली होती, आणि त्याची तिशी तरुण माणसाची नव्हे, अशा आशयाचे डिविटचे विधान पुढे कुप्रसिद्ध झाले.

५/१२
आता निकाल. १९६६ मध्ये रॉबिन्सनने ०.३१६ ची सरासरी, ४९ होमरन आणि १२२ ‘आरबीआय’ (स्वतःच्या फलंदाजीतून संघाला मिळवून दिलेल्या धावा) अशा तिन्ही बाबतींत अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. यालाच ‘ट्रिपल क्राउन’ म्हणतात. दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरलेला तो पहिलाच. तिकडे पापासने १२ सामने जिंकले, ११ हरले. त्याची ती सरासरी ४.२९ वर गेली. रेड्स सातव्या स्थानावर घसरले.

६/१२
त्याच वर्षी ओरिओल्सने वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सला सलग चार सामन्यांत हरवले. चौथा सामना १-० असा सुटला. ती एकमेव धाव रॉबिन्सनच्या होमरनची. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अखेरचे तीन सामने जिम पामर (वय २०), वॉली बंकर (वय २१) आणि डेव्ह मॅकनॅली (वय २३) या तिघांनी जिंकले, आणि तिन्हींत डॉजर्सला एकही धाव घेऊ दिली नाही. म्हणजे बाल्टिमोरने पापासला सोडले, ते त्याची जागा घेणारे हात घरातच तयार होते म्हणून.

७/१२
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबले पाहिजे. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट होता, हे अनुमान आळशी आहे. १९६५ च्या डिसेंबरात डिविटपुढे १९६६ चे आकडे नव्हते. गतकाळातील माणसाला त्याच्या भविष्याच्या पुराव्यावर दोषी ठरवणे हा अन्याय होय. म्हणून खरा प्रश्न असा : त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर हा सौदा टिकतो का? माझ्या मते टिकत नाही. त्याची दोन कारणे आहेत.

८/१२
पहिले कारण वयाचे. बहुतेक फलंदाज तिशीनंतर उतरणीला लागतात, हे सर्वसाधारणपणे खरे आहे. पण डिविटसमोर सर्वसाधारण फलंदाज नव्हता. १९६३ मध्ये रॉबिन्सनची सरासरी ०.२५९ पर्यंत घसरली होती. पुढच्याच वर्षी ती ०.३०६ झाली. १९६५ मध्ये तो १५६ सामने खेळला, ३३ होमरन मारले, ११३ आरबीआय नोंदवले. या आकड्यांत उताराची खूण कोठे आहे? नियम समूहाचा होता आणि तो समूहात न बसणाऱ्या माणसाला लावला गेला.

९/१२
दुसरे कारण तराजूचे. तिघांच्या बदल्यात एक, हे कागदावर भरघोस दिसते. पण बेसबॉलच्या फलंदाजी क्रमात जागा नऊच असतात. एका असामान्य फलंदाजाची जागा तीन बरे खेळाडू मिळून भरू शकत नाहीत, कारण त्या जागेवर एकाच वेळी एकच जण उभा राहतो. शिवाय पिचर काही दिवसांनी एकदा मैदानात उतरतो. फलंदाज रोज खेळतो. रेड्सची गरज खरी होती, परंतु गरज खरी असली म्हणजे मोजलेली किंमत योग्य ठरत नाही.

१०/१२
काही जण या सौद्याचा वेगळा बचाव करतात. १९६८ मध्ये पापासला देऊन रेड्सने क्ले कॅरल मिळवला. सिम्पसनच्या बदल्यात अ‍ॅलेक्स जॉन्सन आला आणि जॉन्सनच्या बदल्यात आलेल्यांत पेड्रो बोर्बोन होता. कॅरल आणि बोर्बोन हे दोघेही १९७५ च्या जगज्जेत्या रेड्स संघात होते. साखळी मनोरंजक आहे, पण बचाव लंगडा. हे पुढचे सौदे बॉब हाउसमच्या कारकिर्दीत झाले. त्यांचे श्रेय डिविटच्या खात्यात कसे जमा करावे? भविष्यातील अपयशाचा दोष त्याच्यावर नको असेल, तर भविष्यातील यशाचे श्रेयही नको. आणि मधल्या काळात, १९७० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, रॉबिन्सनच्या ओरिओल्सनेच रेड्सला ४-१ असे नमवले होते.

११/१२
या साऱ्या हिशेबात एका व्यक्तीचे मत कोणी विचारलेच नव्हते : रॉबिन्सनचे. तेव्हाच्या ‘रिझर्व्ह क्लॉज’ या कलमामुळे खेळाडू संघाशी जखडलेला असे. मालक त्याला हवे तेथे पाठवू शके. १९६९ मध्ये कर्ट फ्लडने अशी पाठवणी नाकारली, पण १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ याच्या निवाड्याने ही पकड सुटली. त्या खटल्यातील दोन खेळाडूंपैकी एक होता डेव्ह मॅकनॅली. १९६६ चा तो १-० असा सामना जिंकणारा पिचर. ‘सौदा शहाणपणाचा होता का’ या प्रश्नाला ‘कोणासाठी’ हा उपप्रश्न जोडलाच पाहिजे.

१२/१२
सौद्यानंतर रॉबिन्सनने आणखी २६२ होमरन मारले आणि १९७५ मध्ये क्लीव्हलंडचा मार्गदर्शक म्हणून तो मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय संघव्यवस्थापक झाला. पापासही २०९ विजयांसह निवृत्त झाला. त्याला केवळ थट्टेचा विषय करणे अन्यायाचेच. कोणताही जुना निर्णय तपासताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : गरज, त्या वेळची माहिती आणि नंतरचा निकाल. डिविटला गरज बरोबर कळली होती. त्याची चूक झाली ती हाताशी असलेली माहिती वाचण्यात. कोणाला हे मत पटत नसेल, तर अवश्य खोडून काढा. अट एकच, पुरावा ९ डिसेंबर १९६५ पूर्वीचा हवा.