वीतभर इरले

यंदाच्या आषाढात पेणच्या फलाटावर रोह्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. पाऊस मुसळधार! इतक्यात आजारी आईचा फोन आला आणि काही केल्या घेताच येईना. बोट टेकताच विद्युतभारात पडणारा फरक फोनच्या काचेला कळतो. पण पाण्याचे थेंबही तोच फरक पाडतात. पुसावे, तर रुमालही ओलाचिंब!

रोह्यापर्यंत जीव टांगणीला. पाहतो तो आई पडवीत चहा पीत बसलेली!

हायसे वाटून मी माझी योजना मांडली: बांबूच्या कामट्यांचे, पळसाची पाने लावलेले वीतभर इरले. पावसात फोन कोरडा, दिवाळीच्या उन्हात पडद्यावर सावली!

आई हसली. “इरले फोनला कशाला? त्यापेक्षा तूच येत जा की.”

इरले राहिले, शनिवारची गाडी मात्र चुकवत नाही.