अंगण खरेच वाकडे असते तेव्हा

(द्वितीय वर्ष कला)

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण शाळेत आपण सर्वांनी वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. तिचा अर्थ सांगताना गुरुजी हसत आणि आपणही हसत असू. दोष स्वतःचा, आणि बोल मात्र अंगणाला! परंतु मित्रहो, अंगण खरोखरच वाकडे असेल तर त्या नाचणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न वर्गात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तोच प्रश्न मी येथे मांडणार आहे, आणि तोही कॅरम बोर्डाच्या निमित्ताने.

कॅरम हा आपल्या किनाऱ्यावरचा पावसाळी खेळ. जून-जुलै महिन्यांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, शेतीच्या कामातून संध्याकाळी थोडी उसंत मिळते. मग मंडळाच्या खोलीत, देवळाच्या धर्मशाळेत, कुणाच्या पडवीत बोर्ड मांडला जातो. चौघे खेळतात आणि चौदा जण सल्ले देतात. स्ट्रायकर कडेवर आपटून मागे आला आणि सोंगटी गेली नाही, की मागून हमखास आवाज येतो, "बोर्ड बरो आसा रे, तुझोच हात वाकडो!" झाले. म्हणीने निकाल दिला. पुढे चौकशी नाही.

ही चौकशी व्हायला हवी असे माझे मत आहे. कारण दोन बोर्डांच्या कडा स्ट्रायकर सारखाच परत देत नाहीत, ही नुसती हरलेल्याची सबब नाही. त्यामागे लाकडाची, सांध्यांची आणि हवेची कारणे आहेत.

प्रथम लाकूड पाहू. बोर्डाची चौकट शिसवीसारख्या कठीण लाकडाची असावी अशी अपेक्षा असते. स्वस्त बोर्डाला जे हलके लाकूड मिळेल ते लावलेले असते. कठीण आणि जड लाकूड स्ट्रायकरचा धक्का आपल्यात जिरवत नाही, बराचसा परत करते. मऊ लाकूड किंचित दबते आणि धक्का खाऊन टाकते. दुसरी गोष्ट सांध्यांची. चौकटीच्या चार पट्ट्या कोपऱ्यात तिरक्या कापून जोडलेल्या असतात व खालून स्क्रूने पक्क्या केलेल्या असतात. स्क्रू सैल झाला की पट्टी हलते. डोळ्यांना ती हललेली दिसतही नाही, पण स्ट्रायकरला कळते. ज्या कडेवर बोट टकटक केल्यास टणक आवाज येतो आणि ज्या कडेवर भद्द आवाज येतो, त्या दोन कडांचे परत देणे वेगळे असते. एकाच बोर्डाच्या चार कडा चार स्वभावांच्या असू शकतात, त्या अशा.

तिसरी गोष्ट हवेची, आणि येथे आपल्या जिल्ह्याचा विशेष संबंध येतो. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. लाकूड हवेतली ओल शोषते आणि फुगते. गंमत अशी, की ते रेषांच्या आडव्या दिशेने बरेच फुगते आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे पट्टी रुंद होते, तिची लांबी तेवढीच राहते, आणि कोपऱ्यातला तिरका सांधा उघडू लागतो. बोर्डाचा पृष्ठभाग प्लायवूडचा. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो सहजासहजी हलत नाही. पण खेळ संपला की आपण बोर्ड कोठे ठेवतो? चिऱ्याच्या ओल्या भिंतीला टेकून. भिंतीकडची बाजू ओल खाते, दुसरी बाजू त्यामानाने कोरडी राहते, आणि बोर्डाला बाक येतो. म्हणजे ज्या महिन्यांत आपण सर्वांत जास्त कॅरम खेळतो, त्याच महिन्यांत आपला बोर्ड सर्वांत कमी विश्वासाचा असतो. पूर्वी बोर्डावर पिवळा बल्ब टांगलेला असे. तो उजेडाबरोबर थोडी ऊबही देई. आताचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब फारशी देत नाही. शिवाय कडेच्या पायथ्याशी बोरिक पावडर साचून दाबली जाते आणि तिचा एक बारीक बांध तयार होतो, तो निराळाच.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय होते? मी कला शाखेचा विद्यार्थी. पण हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडता येतो. समजा स्ट्रायकर कडेवर अगदी पंचेचाळीस अंशांत आपटला. पुस्तकातला प्रकाशकिरण आरशावरून त्याच अंशात परत येतो. स्ट्रायकर तसा येत नाही. कडेच्या दिशेने जाणारा त्याचा वेग बराचसा टिकतो, पण कडेवर सरळ आदळणाऱ्या वेगातला काही भाग लाकूड खाऊन टाकते. एका कडेने त्या वेगाचे शंभरातले ऐंशी भाग परत दिले आणि दुसरीने पंचाहत्तर, एवढाच फरक धरू. कडेपासून चाळीस सेंटीमीटर मागे येईपर्यंत पहिल्या कडेवरचा स्ट्रायकर बाजूला पन्नास सेंटीमीटर सरकतो, दुसऱ्या कडेवरचा त्रेपन्नच्या वर. फरक तीन सेंटीमीटरहून थोडा अधिक. नियमाप्रमाणे सोंगटीचा व्यासच तीन सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त असतो आणि भोकाचा ४.४५ सेंटीमीटर. म्हणजे शंभरात पाच भागांच्या फरकाने नेम अख्ख्या सोंगटीएवढा चुकतो. यात मी कडेशी होणारे घर्षण आणि त्याने स्ट्रायकरला बसणारी गिरकी धरलेलीच नाही. ती धरली तर हिशेब अधिकच बिघडतो.

बिलियर्डचे टेबल मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पण त्या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा लक्षात आले की श्रीमंतांच्या त्या खेळालाही हेच दुखणे होते. फार पूर्वी त्या टेबलांच्या कडा नुसत्या लाकडी असत. पुढे त्यांत कापडाचे तुकडे भरू लागले. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास कडांना रबर लावले. परंतु त्या वेळचे रबर थंडीत दगडासारखे होई आणि खेळण्याआधी कडा गरम पाण्याच्या भांड्यांनी शेकाव्या लागत. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकासह रबर तापवून त्याला टिकाऊ लवचिकपणा देण्याची रीत शोधली, आणि पुढे तसे रबर आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. तरी आजही रबर जुने झाले, कडेचे बोल्ट सैल पडले, कापड झिजले किंवा हवा दमट झाली, की एका टेबलाचा चेंडू दुसऱ्या टेबलासारखा परतत नाही. म्हणून मोठ्या स्नूकर स्पर्धांत टेबलाची पाटी खालून उबदार ठेवतात. तेथे कोणी 'अंगण वाकडे' म्हणून हसत नाही. तेथे अंगण सरळ करतात!

आपल्या कॅरमचे नियमही याबाबतीत आंधळे नाहीत. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ साली झाली. त्याच्या नियमांत बोर्डाचे माप, प्लायवूडची जाडी, चौकटीची उंची-रुंदी हे सर्व दिले आहेच, शिवाय एक कसोटीही दिली आहे: पंधरा ग्रॅम वजनाचा गुळगुळीत स्ट्रायकर खेळाडूने पूर्ण जोराने मारला असता त्याच्या इकडून तिकडे किमान साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. किती साधी कसोटी! यंत्र नको, प्रयोगशाळा नको. आणखी एक नियम असा, की एक गेम संपला की खेळाडूंनी जागा बदलायच्या. दोन बाजू सारख्या नसतील, हे नियम करणाऱ्यांनी मनाशी धरलेले दिसते.

आता आपल्याकडे पाहा. मागील वर्षी आंतरवर्गीय स्पर्धेला दोन बोर्ड मांडले होते. एक नवा, दुसरा अनेक पावसाळे पाहिलेला. माझा एक वर्गमित्र, जो आपल्या वाडीत कडेवरून सोंगटी घेण्यात पटाईत म्हणून ओळखला जातो, तो दुसऱ्या बोर्डावर पहिल्याच फेरीत गेला. निवड समितीच्या वहीत त्याच्या नावापुढे 'नेम कमी' असा शेरा पडला. संध्याकाळी आम्ही तिघांनी एकच स्ट्रायकर, एकाच्याच हाताने, दोन्ही बोर्डांवर दहा-दहा वेळा मारून पाहिला. नव्यावर साडेतीन फेऱ्या बहुतेक वेळा पूर्ण झाल्या. जुन्यावर दोन फेऱ्या म्हणजे डोक्यावरून पाणी! त्या वहीत बोर्डापुढे शेरा लिहायला रकानाच नव्हता.

यावर एक आक्षेप येईल. दोघेही खेळाडू त्याच बोर्डावर खेळले, मग अन्याय कसला? आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण मेलेल्या कडांचा बोर्ड दोघांना सारखा छळत नाही. जो समोरची सोंगटी सरळ ढकलतो त्याचे फारसे बिघडत नाही. ज्याचे कसब कडेवरच आहे, त्याचे हत्यारच काढून घेतले जाते. आणि ज्याला त्या बोर्डाची रोजची सवय आहे, त्याला तर तो बोर्ड चुलतभावासारखा सांभाळून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खरा खेळाडू कोणत्याही बोर्डावर जिंकतो! पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी न्यूझीलंडला जाऊन तेच पद पुन्हा मिळवले. टेबल परके, हवा परकी. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी काझिमा २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात तीन सुवर्णपदके घेऊन आली. हे सर्व खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. परंतु जागतिक स्पर्धेतली टेबले आणि बोर्ड नियमांच्या चौकटीतले असतात. त्यांच्यातला फरक शिकून घेण्याएवढा असतो, आणि शिकायला सराव लागतो. सरावाला चांगला बोर्ड कोणाला मिळतो, हा प्रश्न उरतोच.

येथे मला कॅरमच्या थोडे पलीकडे जावेसे वाटते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. माझे वडील होडीवर जातात. माझी आई सातवीपर्यंत शिकली. वर्गात सरांनी विचारलेला प्रश्न मला कळतो, उत्तरही येत असते, पण ते ज्या भाषेत आणि ज्या रुबाबात द्यायचे, त्याचा सराव माझ्या घरात कोणाला नाही. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याने मारलेला स्ट्रायकर टणक कडेवरून नीट परत येतो. आमच्यापैकी अनेकांचा अर्ध्या वाटेत थांबतो. मग शेरा पडतो, 'नेम कमी'. दयेचा रकाना मी मागत नाही. परीक्षेत गुण कमी पडले तर ते कमीच आहेत. आणि अंगणाचे नाव सांगून सराव टाळणारेही आमच्यात आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की हात वाकडा की अंगण वाकडे, याचा निकाल म्हणीने देऊ नये, मोजून द्यावा. कॅरममध्ये तर ते मोजता येते. पाच मिनिटांचे काम आहे.

म्हणून आमच्या जिमखान्यापुढे आणि गावोगावच्या मंडळांपुढे काही साध्या सूचना ठेवतो. स्पर्धेच्या दिवशी सकाळी प्रत्येक बोर्डाची, चारही कडांवर, साडेतीन फेऱ्यांची कसोटी दोन्ही खेळाडूंसमोर घ्यावी आणि निकाल फळ्यावर लिहावा. नापास बोर्ड सरावाला ठेवावा, निवडीला नाही. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर चौकटीचे स्क्रू आवळावेत. गावातला कोणताही सुतार हे काम करील. बोर्ड भिंतीला टेकवू नये, फळीवर आडवा ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी हवा मिळेल. कडेच्या पायथ्याची पावडर रोज कोरड्या फडक्याने काढावी. प्रत्येक सामन्याआधी दोघांनाही त्या बोर्डावर थोडा वेळ हात चालवू द्यावा. खर्च फारसा नाही, थोडी इच्छा हवी.

हल्ली आपण मोबाईलवरही कॅरम खेळतो. तेथे लाकूड नाही, ओल नाही. आज आणि उद्या, मालवणात आणि मुंबईत, कड सारखीच परत देते. काही मित्र म्हणतात, तोच खरा न्यायाचा कॅरम. मला तसे वाटत नाही. लाकडाला स्वभाव आहे, ऋतू आहे, म्हणून तर त्या खेळात गोडी आहे. बोर्डाचा स्वभाव ओळखणे हेही कसबच आहे. फक्त तो स्वभाव ओळखण्याची संधी दोघांना सारखी मिळावी, आणि जो बोर्ड खेळण्याच्याच लायकीचा उरलेला नाही, त्याचे पाप खेळाडूच्या हातावर फोडू नये.

तेव्हा यापुढे कोणी हरला आणि बोर्डाकडे बोट दाखवू लागला, तर लगेच हसू नका. एक स्ट्रायकर घ्या, पूर्ण जोराने मारा, आणि फेऱ्या मोजा. साडेतीन भरल्या तर खुशाल हसा.