एक वाव

आमच्या कन्येने यंदा ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचे ठरवले आहे. त्यामुळे घरात कोणी दोन मिनिटे स्वस्थ बसले की त्याचे चित्र निघते. परवा तिने तुळशीपुढे उभी असलेली आजी काढली. आजीचे हात थेट गुडघ्यांना टेकले होते.

"अगं, ही आजी की आजानुबाहू श्रीराम?" मी म्हणालो. आयती मिळालेली कोटी मराठीच्या मास्तरला सोडवत नाही.

"मग तुम्ही काढून दाखवा, बाबा!"

मी काढली. माझ्या आजीचे हात कमरेपाशीच संपले!

मग कन्येने मला नियम शिकवले. उभ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसातपट. हात सरळ सोडले की कोपर कमरेशी, मनगट जांघेशी आणि बोटे मांडीच्या मध्यावर. आपण चुकतो, कारण चेहरा ओळखीचा म्हणून मोठा काढतो आणि हातपाय उरलेल्या कागदात कोंबतो. आपल्या मूर्तिकारांनी तर चेहऱ्याच्या लांबीलाच 'ताल' हे माप मानले. तळहातही मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण तेवढाच. देवांच्या मूर्ती बहुधा नवताल.

आणि दोन्ही हात पसरले की जेवढे अंतर, जवळजवळ तेवढीच उंची. लिओनार्दोने 1490च्या सुमारास वर्तुळात आणि चौकोनात उभा केलेला माणूस हेच सांगतो. आपल्याकडे विहिरीचा दोर मोजणारे या अंतराला 'वाव' म्हणत.

लगेच सुतळी आली. माझी वाव आणि उंची अर्ध्या इंचाच्या फरकाने जुळली. आजीची मात्र वाव दोन इंच जास्त भरली.

"बघा! आजीचे हात लांबच आहेत!" कन्या ओरडली.

"घागरी ओढून लांबले असतील हो," आई हसली. राजगुरुनगरला ती अजून खेडच म्हणते. "खेडात आले तेव्हा घरात नळ कुठे होता? भीमेवरनं पाणी आणायचे."

संध्याकाळी ओळखीच्या डॉक्टरांना ही गंमत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या दबतात, मणकेही खचतात, पाठीला बाक येतो. उंची घटते, पण हातांची हाडे लांबीला आहेत तेवढीच राहतात. म्हाताऱ्या माणसाची पूर्वीची उंची अजमावायची तर वावच मोजतात."

म्हणजे आईचे हात वाढले नव्हते. आईच दोन इंच उतरली होती.

गेली दोन वर्षे ती फळीवरचा डबा मला काढून द्यायला सांगते आणि मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणतो, "तुझा हात पोचतो की, आई!" एका घरात राहून मला जे दिसले नाही, ते बारा वर्षांच्या मुलीच्या पेन्सिलीला दिसले होते.

कन्येने चित्र पुन्हा काढले. या खेपेला पाठ किंचित वाकलेली, बोटे गुडघ्यांच्या जरा वर. मी कोटी केली नाही.

यंदा आमच्याकडे फराळाचे डबे खालच्या फळीवर आहेत.